अडतीस वर्षे उभी असलेली बीएसए एम-२० रस्त्यावर आणताना

आपल्या पत्राचा आशय असा, की नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याच्या ओसरीत आपल्या आजोबांची बीएसए एम-२० ही ब्रिटिश मोटरसायकल साधारण १९८७ पासून उभी आहे. ती कामठीच्या लष्करी लिलावातून घेतल्याचे घरात सांगतात, नोंदणीचे जुने पुस्तक आजोबांच्या पेटीत सापडले आहे, आणि किक मारली तर ती थोडी जड पण खालपर्यंत जाते. ओळखीच्या मिस्त्रींनी ‘सगळी खोलून नवीकोरी करून देतो’ असे सांगितल्यामुळे आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : गाडी पूर्ण खोलावी का, आरटीओ तिला रस्त्यावर येऊ देईल का, आणि रंग कोणता द्यावा.

पहिल्याचे उत्तर आधी देतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. गाडी पूर्ण खोलू देऊ नका. जोडलेल्या स्थितीत उभी असलेली जुनी गाडी आपली माहिती आपणच देत असते. कोणत्या बोल्टाखाली किती वायसर आहेत, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या पट्ट्यांमध्ये कुठे पत्र्याचा तुकडा सरकवला आहे, केबल हँडलच्या कोणत्या अंगाने वळवली आहे, हे सगळे पाहून कळते. एकदा तिचे भाग तीन पोत्यांत भरले गेले, की ही माहिती मिस्त्रींच्या आठवणीवर उरते, आणि मिस्त्री मध्येच दुसऱ्या कामाला लागले तर तीही उरत नाही. गेल्या तीसेक वर्षांत गंजून वाया गेलेल्या गाड्यांपेक्षा उत्साहाने खोलून पोत्यात राहिलेल्या गाड्या माझ्याकडे अधिक आल्या. म्हणून माझा आग्रह असा, की आहे तशी गाडी आधी तपासावी, ज्या भागाचा दोष सिद्ध होईल तेवढाच भाग उघडावा, आणि तो परत बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

ही गाडी तशी काटक आहे. १९३७ पासून निघालेल्या या जातीच्या सुमारे सव्वा लाख गाड्या दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यातून लष्करासाठी बाहेर पडल्या. इंजिन ४९६ सीसीचे, एका सिलिंडरचे आणि साइड-व्हॉल्व, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला व्हॉल्व असलेल्या, जातीचे आहे. कॉम्प्रेशन ५ ला १ पेक्षाही किंचित कमी, ताकद सुमारे १३ अश्वशक्ती, पुढे गर्डर फोर्क, म्हणजे चाक धरणारा स्प्रिंगचा जुन्या धर्तीचा सांगाडा, आणि मागे काहीच उसळी नाही, अशी तिची एकूण रचना आहे. वेगाची अपेक्षा ठेवू नका. पण इतक्या कमी ताणावर चालणाऱ्या इंजिनात बेअरिंग आणि पिस्टन बहुधा वाचलेले असतात, आणि दोष सापडतो तो विजेच्या गुंडाळीची तार, रबर, कॉर्क आणि साचलेले तेल यांत.

काम सुरू करण्याआधी एक सूचना हत्यारांबद्दल करतो. या गाडीचे नट-बोल्ट मिलिमीटरचे नाहीत. आटे बहुतांशी ब्रिटिश सायकल आणि विट्वर्थ पद्धतीचे असून पानेही त्याच मापाचे लागतात. त्या पान्यांवर कोरलेला आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टाच्या जाडीचा असतो, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. बारा-तेराचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला, की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नी येते. एका पान्यांच्या संचाचा खर्च आधी करा. मोतीबागेच्या रेल्वे कारखान्यात काम केलेल्या जुन्या फिटरांच्या पेट्यांत असे पाने अजून सापडतात, आणि विचारले तर ते देतातही. तुटलेल्या बोल्टाच्या जागी ‘नवे आटे पाडून देतो’ म्हणणाऱ्या खरादवाल्याला मात्र नम्रपणे थांबवा. सायकल आट्यांचा कोन ६० अंशांचा आणि विट्वर्थचा ५५ अंशांचा असतो, त्यामुळे एकाचा टॅप दुसऱ्यात घातला तर दोन्ही जातात.

इंजिनाला पुन्हा किक मारू नका. प्लग काढून त्या छिद्रातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि गाडी आठवडाभर तशीच राहू द्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवरचा गंज रिंगांबरोबर घासला जाणार नाही. त्यानंतर टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व उचलणाऱ्या दांड्यांचे, झाकण उघडा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू फिरवा आणि दोन्ही व्हॉल्व वर-खाली होतात का ते डोळ्यांनी पाहा. साइड-व्हॉल्व इंजिनात वर्षानुवर्षे उभे राहिल्यावर व्हॉल्वची दांडी गाइडमध्ये, म्हणजे ती ज्या नळीत सरकते तिच्यात, चिकटते. व्हॉल्व उघडतो आणि खाली येत नाही. अशा वेळी वरून ठोकण्याऐवजी दांडीला रॉकेल आणि तेलाचे मिश्रण रोज पाजत राहा. दोन्ही व्हॉल्व मोकळे झाल्यावर थंड इंजिनावर इनलेटला १० हजारांश आणि एक्झॉस्टला १२ हजारांश इंच फट ठेवा. एक्झॉस्टची फट कमी ठेवली तर टॅपेटचा आवाज बंद होतो आणि गाडी गोड वाटते, पण आपल्याकडच्या उन्हात तोच व्हॉल्व सर्वांत आधी जळतो. टॅपेट थोडे वाजू द्या.

आता तेल. या गाडीत तेलाची टाकी वेगळी असते. पंप तिथून तेल इंजिनात पाठवतो आणि पंपाचाच दुसरा, मोठा भाग ते परत टाकीत आणतो. गाडी उभी असताना टाकीतले तेल एका छोट्या गोळीच्या व्हॉल्वने अडवलेले असते. ती गोळी नीट बसत नसेल, तर तेल हळूहळू खाली उतरून इंजिनाच्या तळाशी साचते. आपली किक जड लागते, त्याचे कारण बहुधा हेच असावे. इंजिनाच्या खालची पट्टी उघडून सगळे तेल काढा, टाकीही उतरवून आतून धुवा, कारण तिच्या तळाशी काळ्या लोण्यासारखा थर असणारच. इंजिन उघडणार नसाल तर डिटर्जंट नसलेले, एकाच ग्रेडचे तेल वापरा : उन्हाळ्यात ५० आणि हिवाळ्यात ४० ग्रेडचे. आधुनिक डिटर्जंट तेल चांगले असले, तरी ते जुना गाळ सुटा करून तेलाच्या वाटांत नेऊन सोडते, आणि या गाडीला तो अडवणारा आधुनिक फिल्टर नाही. पुढे कधी इंजिन खोलून स्वच्छ झालेच, तर डिटर्जंट तेलाला माझी हरकत नाही. पहिल्यांदा सुरू झाल्यावर तेलाच्या टाकीचे झाकण काढून परतीच्या नळीतून तेल थुंकल्यासारखे येते का, ते मिनिटभरात पाहा. येत नसेल तर तत्क्षणी इंजिन बंद करा.

सर्वांत जास्त वेळ मी मॅग्नेटोवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, घालवतो, आणि आपणही घालवावा. एम-२० वर लुकास कंपनीचा मॅगडायनो असतो, म्हणजे खाली मॅग्नेटो आणि त्याच्या डोक्यावर दिव्यांसाठी डायनमो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, ही मोठी सोय आहे : गाडीचे सगळे वायरिंग कुजलेले असले तरी ती सुरू होऊ शकते, म्हणून वायरिंगचा विचार मी शेवटी करतो. पण याच मॅग्नेटोच्या फिरत्या आर्मेचरमध्ये एक कंडेन्सर बसवलेला असतो, आणि त्याचे आयुष्य केव्हाच संपलेले असते. तारेवरचा लाखेचा लेपही उष्णतेने मऊ होऊन चिकट पडतो. त्यामुळे लक्षण मोठे फसवे दिसते : थंड गाडी एका किकमध्ये सुरू होते, पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, गरम झाली की फटफटत बंद पडते, आणि सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू होते.

मी स्वतः या सापळ्यात एक पूर्ण उन्हाळा घालवला आहे. माझी पहिली ब्रिटिश गाडी कामठीपर्यंत बिनतक्रार जाई आणि कन्हानच्या पुलाच्या आसपास नेमाने बंद पडे. मी कार्बोरेटर तीन वेळा साफ केला, जेट बदलले, टाकीच्या झाकणाचे भोक मोकळे केले, पेट्रोलवर आणि पंपवाल्यावर संशय घेतला. शेवटी एका वृद्ध मिस्त्रींनी गाडी बंद पडल्या जागीच प्लग काढून सिलिंडरवर टेकवला आणि किक मारायला सांगितले, ठिणगी नव्हतीच. हा प्रयोग मी पहिल्याच दिवशी, गाडी गरम असताना करायला हवा होता. आपण तो आधीच करा. मॅग्नेटोतल्या पॉइंटची, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांची, फट १२ हजारांश इंच ठेवा, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून पुसून घ्या, आणि ठिणगी थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत तपासा. ठिणगी निळसर आणि टणक आवाजाची हवी. पिवळी, बारीक आणि मुकी ठिणगी हवेत दिसली तरी सिलिंडरमधल्या दाबाखाली विझते.

मॅग्नेटो दुरुस्तीला द्यावा लागलाच, तर तो कोणाला द्यायचा याचा विचार करून द्या. नागपुरात कुलरच्या आणि पाण्याच्या मोटारींचे वाइंडिंग करणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे हात चांगले असतात, परंतु मॅग्नेटोच्या आतल्या गुंडाळीत केसाएवढ्या तारेचे हजारो फेरे असतात, आणि ते काम मोटारीच्या कामापेक्षा फार निराळे आहे. शिवाय चुंबकातून आर्मेचर नुसतेच बाहेर काढून ठेवले तर जुन्या चुंबकाची ताकद उतरते. तो पुन्हा चुंबकित करून घ्यावा लागतो. ज्यांनी पूर्वी मॅग्नेटो केले आहेत आणि गरम करून तपासलेला परत देतात, अशाच कारागिराकडे तो पाठवा, भले त्यासाठी तो शहराबाहेर धाडावा लागला तरी. गाडीवर पैसा खर्च करायची पहिली जागा हीच आहे.

पेट्रोलचा विषय आजोबांच्या काळी नव्हता, आता आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इंजिनाला त्याचा मोठा त्रास नाही. इतक्या कमी कॉम्प्रेशनला कोणतेही साधे पेट्रोल चालते. त्रास होतो तो जुन्या रबरी नळ्यांना, पेट्रोलच्या कॉकमधल्या कॉर्कला आणि टाकीत आतून लावलेल्या जुन्या लेपांना. म्हणून नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, आणि टाकीला आतून लेप द्यायचा मोह शक्यतो टाळा. गंज काढण्यासाठी संडास साफ करायचे आम्ल कोणी सुचवील. ते पत्रा खाते. त्याऐवजी किराणा दुकानातले लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून टाकी दोन दिवस काठोकाठ भरून ठेवा, मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवा, उन्हात वाळवा आणि लगेच थोडे तेल मिसळलेले पेट्रोल आत फिरवा. एप्रिल-मेचे नागपूरचे ऊन या एका कामाला फार उपयोगी पडते.

अमल कंपनीचा कार्बोरेटर साधा असतो. जुने पेट्रोल वाळून झालेली लाख बारीक वाटांत बसलेली असते, ती काढा. पायलटची, म्हणजे मंद गतीला पेट्रोल पुरवणारी, वाट तारेने टोचून मोठी करू नका, हवेने साफ करा. इंजिनाला जोडणारी त्याची चकती वर्षानुवर्षे बोल्ट आवळल्याने वाकलेली असते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट घासली, की मंद गतीवर न थांबणाऱ्या निम्म्या गाड्या तिथेच सुधारतात. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे हलके पडते. प्लगचे टोक पांढरट दिसू लागले तर मुख्य जेट एका मापाने वाढवा.

ब्रेकविषयी थोडक्यात पण निक्षून सांगतो. चाके फिरू लागण्याआधी ब्रेक झाले पाहिजेत. दोन्ही ड्रम ७ इंचांचे आहेत, आणि नवे असतानाही ते आजच्या रहदारीसाठी बेताचेच होते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. शूजना नवे लायनिंग चिकटवून मिळते. पण ते ड्रमच्या गोलाईप्रमाणे खरादावर उतरवून घेतले नाही, तर शूज दोनच टोकांना टेकतात आणि नव्या लायनिंगचा ब्रेक जुन्यापेक्षा वाईट लागतो. गर्डर फोर्कच्या चारही स्पिंडलना आधी ग्रीस भरा, आणि मग बाजूचा खेळ काढा. टायर ३.२५-१९ मापाचे लागतात. हेच माप जुन्या बुलेटचे असल्याने ते सहज मिळतात. जुने टायर दिसायला कितीही चांगले असले तरी टाकून द्या.

आता कागदपत्रे. हा भाग मी इथे मध्येच घेतला असला, तरी आपण याची सुरुवात आजच करावी, कारण यंत्रापेक्षा याला अधिक वेळ लागतो. नोंदणीचे पुस्तक १९५६ पूर्वीचे असेल, तर त्यावर महाराष्ट्राचे नाव नसणार. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि त्याआधी मध्य प्रांत व वऱ्हाडाची. त्यामुळे जुना क्रमांक पाहून कोणी ‘ही परराज्यातली गाडी’ म्हटले तर गोंधळून जाऊ नका. इंजिन आणि चौकट यांवर कोरलेले क्रमांक पुस्तकाशी पडताळून पाहा. इंजिनाचा क्रमांक सिलिंडरच्या पायाखाली डाव्या बाजूला असतो. बहुतेक लष्करी गाड्यांचे दोन्ही क्रमांक डब्ल्यूएम-२० या अक्षरांनी सुरू होतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. कारखान्यातूनच ते तसे निघत, म्हणून त्यात लबाडी शोधू नये. क्रमांकावरचा मळ रॉकेलच्या फडक्याने काढा, घासकागद चुकूनही लावू नका. क्रमांक खरवडलेला दिसला की तपासणीत नको ते प्रश्न निघतात.

गाडी आजोबांच्या नावावर असल्याने आधी वारसाच्या नावे हस्तांतर करावे लागेल; त्याचा अर्ज नमुना ३१ मध्ये होतो. पुढे दोन मार्ग आहेत. पहिला साधा : नमुना २५ मध्ये नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज, विलंबाचे शुल्क आणि पर्यावरण कर, निरीक्षकांसमोर गाडीची तपासणी, आणि मग पाच-पाच वर्षांची मुदत. दुसरा मार्ग केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत घातलेल्या व्हिंटेज वाहनांच्या तरतुदींचा. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी त्यात बसते, प्रमाणपत्र १० वर्षांचे मिळते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, आणि आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांपुरतीच ती चालवता येते. आपल्याला रविवारी सकाळी मनात आले की फुटाळा तलावापर्यंत जायचे असेल, तर पहिल्या मार्गाचा आग्रह धरा. कार्यालयाच्या संगणकात इतकी जुनी नोंद बहुधा नसते, ती भरून घेण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मूळ पुस्तक कोणाच्याही, विशेषतः दलालाच्या, हाती देऊ नका. एका माहितीच्या गृहस्थांचे असेच एक पुस्तक ‘उद्या आणून देतो’ म्हणून गेले ते गेलेच, आणि त्यांची उत्तम चालणारी गाडी आजही अंगणापुरतीच चालते.

तपासणीला दिवे आणि भोंगा चालू लागतात, म्हणून वायरिंग त्याआधी करा. पद्धत ६ व्होल्टची आहे. ब्रिटिश गाड्यांत काहींचा ऋण आणि काहींचा धन ध्रुव चौकटीला जोडलेला असतो, आणि मधल्या काळात कोणी तो बदललेलाही असू शकतो. बॅटरी लावण्यापूर्वी ते शोधून काढा, नाहीतर डायनमो आणि रेग्युलेटर दोन्ही गमवाल.

गाडी सुरू करण्याची रीत अंगवळणी पडायला आठवडा लागतो. कार्बोरेटरची कळ दाबून पेट्रोल किंचित ओघळू द्यायचे, हँडलवरचा ठिणगीच्या वेळेचा लिव्हर निम्मा मागे घ्यायचा, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा लिव्हर ओढून पिस्टन दाबाच्या जरा पुढे न्यायचा, आणि मग घाई न करता एक लांब किक मारायची. सुरू झाली की ठिणगीचा लिव्हर पुन्हा पुढे करायला विसरू नका. ठिणगी उशिरा पडत राहिली तर सायलेन्सरची नळी निळी पडते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व तापतो. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला आहे. जुनी बुलेट चालवलेल्यांना हे ठाऊक असते, आपल्याला नसेल तर रिकाम्या मैदानावर इतका सराव करा, की दचकल्यावर पाय आपोआप ब्रेकवर जाईल. सेमिनरी हिल्सचा छोटा चढ क्लच तपासायला पुरेसा आहे. मे महिन्यात सकाळी आठनंतर या गाडीला सिग्नलवर ताटकळत ठेवू नका. पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर तेल बदला, हेडचे बोल्ट थंड इंजिनावर पुन्हा आवळा आणि टॅपेट मोजा. त्यानंतर रामटेकला जाऊन यायला हरकत नाही. चेनच्या पत्र्याच्या डब्यातून तेल गळेल. ते नवी असतानाही गळत असे, त्यामुळे खाली जुना कागद पसरा आणि मिस्त्रींना बोल लावू नका.

राहिला रंग. तो सध्या देऊ नका. आपण पाठवलेल्या वर्णनात टाकीचा काळा रंग काही ठिकाणी पापुद्र्यासारखा निघतो असे म्हटले आहे. सीटखाली किंवा टूलबॉक्सच्या मागे, जिथे ऊन आणि हात लागत नाही अशा जागी, त्या पापुद्र्याखाली काय आहे ते नखाने हलकेच पाहा. लिलावातून आलेल्या गाड्यांना घरी आणल्यावर घाईने काळा रंग फासण्याची तेव्हा पद्धतच होती, आणि त्याखाली मळकट लष्करी हिरवा किंवा तपकिरी रंग अनेकदा शाबूत निघतो. तो दिसला तर तिथेच थांबा आणि त्याचे एक छायाचित्र मला पाठवा.